स्टँडअप पन्नास मिनिटांचा, तारीख आधीच ठरलेली

पत्र (थोडं कापून देतेय, चौकोनी कंसातले अर्थ माझे):

"ताई, मी हिंजवडीत एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत आहे. क्लायंट अमेरिकेतली, ईस्ट कोस्टवरची इन्शुरन्स कंपनी. मागच्या वर्षी वरून फर्मान आलं की यापुढे सगळे प्रोजेक्ट अजाईल [काम छोट्या तुकड्यांत करून क्लायंटला दाखवत जायची पद्धत]. मी टीम लीड होते, मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि स्क्रम मास्टर केलं [स्क्रम हा अजाईलचा एक प्रकार, तो टीममध्ये नीट चालवणारी व्यक्ती]. टीम १४ जणांची, स्प्रिंट [कामाचा एक ठरलेला टप्पा] दोन आठवड्यांचा. रोज संध्याकाळी साडेसहाला स्टँडअप [टीमची रोजची छोटी मीटिंग] असतो आणि तो ४५-५० मिनिटं चालतो, कारण आमचे डिलिव्हरी मॅनेजर सर कॉलवर असतात आणि जिरा [कामाची तिकिटं ठेवायचं सॉफ्टवेअर] शेअर करून एकेकाला 'हे अजून का नाही झालं, ईटीए [कधी होणार] काय' असं विचारतात. रिलीजची तारीख आणि स्कोप [काय काय करून द्यायचं ते] दोन्ही क्लायंटला आधीच सांगून झालेलं असतं. टेस्टिंगला दोघीच आहेत, शेवटच्या दोन दिवसांत सगळं त्यांच्या अंगावर येतं आणि मग शनिवार जातो. रेट्रोमध्ये [स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायची मीटिंग] सगळे म्यूटवर. आता सरांनी सांगितलंय की पुढच्या क्वार्टरला वेलॉसिटी [एका स्प्रिंटमध्ये टीम किती पॉइंटचं काम संपवते तो आकडा] २० टक्के वाढली पाहिजे, शेजारच्या टीमची ६० आहे तर आपली ४० का. टीम म्हणते याच्यापेक्षा जुनंच बरं होतं, निदान मीटिंग तरी कमी होत्या. मी मधल्यामध्ये अडकलेय. एखादं मोठं सर्टिफिकेशन करू का, म्हणजे माझं कुणी ऐकेल? की सरळ जॉब बदलू?
— नावापुरती स्क्रम मास्टर"

अगं नावापुरती, तुझी टीम खरं बोलतेय, त्यांना 'चेंजला विरोध करणारे' वगैरे ठरवू नकोस. जुन्या पद्धतीत निदान एकच त्रास होता. आता जुनी पद्धत गेलीच नाही आणि तिच्या डोक्यावर नवी येऊन बसलीये. तारीख, स्कोप, पैसे, माणसं, रेटिंग हे सगळं आधी जिथे ठरत होतं तिथेच अजून ठरतंय, तुमच्या वाट्याला आलंय ते फक्त कॅलेंडर, म्हणजे प्लॅनिंग, ग्रूमिंग (पुढची कामं आधी समजून घेणं), स्टँडअप, डेमो, रेट्रो. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. मीटिंगा बदलल्या पण निर्णय घेणारे तेच राहिले. त्यामुळे माझा सल्ला असा की जिथे एखादा छोटासा निर्णय टीमकडे ओढून आणता येतोय तिथेच जोर लाव, बाकी कंपनी अजाईल झाली की नाही ती चिंता तुझ्या पगारात बसत नाही, ती सोड.

सगळ्यात आधी एक काम कर जे स्क्रम मास्टरच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. तुमच्या प्रोजेक्टचा एसओडब्ल्यू, म्हणजे क्लायंटबरोबर ठरलेल्या कामाचा कागद, मिळव. पूर्ण कॉन्ट्रॅक्ट नाही देणार तुला, पण स्कोप आणि माइलस्टोनची पानं लीडला दाखवायला बहुतेक मॅनेजर तयार असतात. त्यात बघायचं एकच, पैसे कशावर मिळतात. टी अँड एम असेल, म्हणजे डोक्यामागे तासांचं बिल जात असेल, तर तुझ्या हातात बरीच जागा आहे, कारण क्लायंटला हा फीचर नको तो हवा असं झालं तर कुणाचं काही बुडत नाही. पण फिक्स्ड बिड असेल, अमुक तारखेला अमुक मॉड्यूल यूएटीला (क्लायंट स्वतः तपासतो ती पायरी) दिलं की अमुक टक्के इन्व्हॉइस, तर तुझे सर रोज ईटीए का विचारतात ते तुला त्या कागदावर दिसेल. एक माइलस्टोन पुढच्या क्वार्टरमध्ये सरकला की त्यांचा रेव्हेन्यू सरकतो, मार्जिन पडतं, आणि मग त्यांच्यावरचा माणूस त्यांना हाच प्रश्न विचारतो, फक्त जास्त वरच्या आवाजात. २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला, त्यात चारच ओळी मुख्य आहेत आणि त्यातली एक ओळ सरळ असं म्हणते की कॉन्ट्रॅक्टवर घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकाबरोबर मिळून काम करणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. आता ही ओळ कंपन्यांच्या ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असते आणि त्याच कंपन्यांच्या सेल्सवाल्यांनी त्याच महिन्यात स्कोप, तारीख आणि किंमत तिन्ही खिळे ठोकून सही केलेली असते. हा घोळ तुझ्या टीमने नाही केलेला आणि तो स्टँडअपमध्ये उभं राहून सुटणारही नाही.

पण फिक्स्ड बिडमध्येसुद्धा एक फट असते, ती म्हणजे अदलाबदल. क्लायंटला मध्येच काही नवीन हवं झालं तर सीआर, म्हणजे बदलाची रीतसर विनंती, काढायचा, त्याचं एस्टिमेट, मंजुरी, त्यात दोन-तीन आठवडे जाणार, हा झाला नेहमीचा रस्ता. त्याऐवजी तेवढ्याच साइजचं, अजून हात न लावलेलं काहीतरी बाहेर काढा आणि नवीन आत घ्या, किंमत तीच तारीख तीच. जेफ सदरलंड, ज्यांनी केन श्वाबर यांच्याबरोबर स्क्रम मांडलं, ते याला 'चेंज फॉर फ्री' म्हणतात आणि कॉन्ट्रॅक्टमध्येच हे कलम घाला म्हणतात. कॉन्ट्रॅक्टमध्ये नसलं तरी एका स्टोरीपुरतं (स्टोरी म्हणजे कामाचा एक छोटा तुकडा) मेलवर ठरवता येतं. एकदा करून बघा, सरांना पुढे करून, श्रेय त्यांना देऊन. क्लायंटच्या बाजूचा माणूस पहिल्यांदाच 'हे नको, ते द्या' असं म्हणाला आणि जगबुडी झाली नाही, हे सगळ्यांनी बघितलं की पुढची अदलाबदल सोपी जाते.

आता स्टँडअप. इथे मी जरा जास्त बोलणारे कारण हे तुला येत्या आठवड्यातच बदलता येईल.

स्क्रम गाईड (स्क्रमची नियमपुस्तिका) म्हणतं १५ मिनिटं, आणि ही मीटिंग काम करणाऱ्यांची, आजचं काम आपसात ठरवायला. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न जे तुला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतले असतील ते २०२० च्या आवृत्तीत काढूनच टाकलेत, लोक ते हजेरीसारखे म्हणायला लागले होते. आणि टीम शक्यतो १० किंवा त्याहून कमी जणांची असावी असं त्यात आहे, तुम्ही १४. चौदा जण गुणिले तीन मिनिटं केलंस तर तुझी ४५ मिनिटं जवळपास तिथेच निघतात, त्यात कुणाचा दोष काढायचीही गरज नाही. त्यामुळे आधी टीमचे दोन भाग कर, डेव्हवाले एकीकडे टेस्टर दुसरीकडे असे करू नकोस बरं का, तो मोह सगळ्यांना होतो, तर कामाप्रमाणे कर, समज रिन्यूअलचं काम एकीकडे आणि क्लेमचं दुसरीकडे, दोन्हीकडे एकेक टेस्टर.

दुसरं म्हणजे वेळ. साडेसहाला तुम्ही का बसता ते उघड आहे, ईस्ट कोस्टला तेव्हा हिवाळ्यात सकाळचे ८ आणि उन्हाळ्यात ९ वाजलेले असतात. पण क्लायंट कॉलवर आहे म्हटल्यावर कोण म्हणेल की मला हा कोड कळत नाहीये, काल दिवसभर मी चुकीच्या फाइलमध्ये शोधत होतो? कुणीच नाही. सगळे 'ऑन ट्रॅक' म्हणतात आणि शेवटच्या गुरुवारी ट्रॅक कुठे गेला ते कळतं. टीमचा स्टँडअप सकाळी घे, ११ ला घे, जेव्हा सगळे टेबलावर आलेले असतात. आणि जिराच्या बोर्डवर माणसाच्या नावाने फिरू नकोस, उजवीकडून सुरू कर, म्हणजे जे यूएटीच्या सगळ्यात जवळ आहे ते आधी, हे पुढे ढकलायला आज काय लागेल, कोण मोकळं आहे. ज्याच्या तिकिटावर काही बोलायचं नाही त्याने गप्प राहिलं तरी चालतं! संध्याकाळचा कॉल ठेव, पण त्याला तू, बीए (क्लायंटला काय हवंय ते समजून लिहिणारी) आणि ज्याचं काही अडलंय तो, एवढेच जा. बाकी अकरा जणांची संध्याकाळ सुटली म्हणून ते तुला दुवा देतील, विशेषतः ज्यांना साडेसहानंतर हिंजवडीतून बाहेर पडायचं असतं ते.

तिसरे, सर. त्यांना सगळ्यांसमोर 'सर स्क्रममध्ये मॅनेजरने बोलायचं नसतं' असं चुकूनही म्हणू नकोस, दोन दिवसांच्या ट्रेनिंगवरून आलेली मुलगी आपल्याला शिकवते असंच त्यांना वाटेल आणि त्यात त्यांचंही फार चुकत नाही. एकटं गाठ, चहाला किंवा वन-ऑन-वनला, आणि त्यांना काय लागतं तिथून सुरू कर. त्यांना रात्री क्लायंटच्या मॅनेजरला उत्तर द्यायचं असतं. मग ते उत्तर तू आधीच दे. म्हण, 'सर, मी रोज सहाच्या आत तुम्हाला लेखी अपडेट टाकते, त्यात काही कमी वाटलं तर मला थेट फोन करा, पण दोन आठवडे स्टँडअपला तुम्ही येऊ नका, आणि या दोन आठवड्यांत तुम्हाला एकही गोष्ट उशिरा कळली तर परत पहिल्यासारखं करू.' आणि अपडेट खरंच चार ओळींचा असू दे, एक्सेल नको. साधारण असा (क्यूए म्हणजे टेस्टिंग): 'आज क्यूएमधून २ स्टोरी बाहेर. अडकलंय पेमेंटचं एन्व्हायर्नमेंट, क्लायंटच्या इन्फ्राकडे तिकीट टाकलंय, उद्या दुपारपर्यंत आलं नाही तर तुमची मदत लागेल. रिलीजला धोका एकाच स्टोरीचा, रिन्यूअलमधल्या. बाकी ठीक.' यात बघ, त्यांना एक कामही दिलंयस, जे फक्त तेच करू शकतात. मॅनेजरला करण्यासारखं खरं काम मिळालं की ते तिकिटं मोजायचं जरा कमी करतात, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. बुरी खबर मात्र त्याच दिवशी द्यायची, ती दाबलीस तर हा करार तिथेच मोडला.

वेलॉसिटीचं आता. सर २० टक्के मागतायत ना? तुझी टीम ते सोमवारी देऊ शकते, एक ओळही कोड न लिहिता. ३ पॉइंटच्या स्टोरीला ५ म्हणायचं, ५ ला ८. झालं, वाढली वेलॉसिटी! आणि मी पैजेवर सांगते की शेजारच्या टीमची ६० यातूनच आली असेल किंवा लवकरच येईल. आकड्यालाच टार्गेट केलं की तो आकडा मोजायच्या कामाचा राहत नाही, चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने हे १९७५ मध्ये पैशांच्या धोरणाबद्दल म्हटलं होतं पण ते आपल्याकडे बोर्डाच्या टक्केवारीपासून जिराच्या चार्टपर्यंत सगळीकडे लागू पडतं. पॉइंट हे टीमने आपल्यापुरते ठरवलेले अंदाज असतात, दोन टीमचे पॉइंट एकमेकांशी तोलता येत नाहीत. स्क्रम गाईडमध्ये तर स्टोरी पॉइंट हा शब्दच नाहीये. आणि रॉन जेफ्रीज, जे त्या १७ जणांपैकी एक, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की स्टोरी पॉइंट कदाचित मीच शोधले असतील आणि तसं असेल तर मला आता त्याचं वाईट वाटतं.

पण हे सगळं ज्ञान सरांना ऐकवून उपयोग नाही, त्यांना वरती दाखवायला काहीतरी आकडा लागणारच, रिकाम्या हाताने परत पाठवलंस तर ते वेलॉसिटीच घेऊन जातील. त्यांना दुसरा आकडा दे. एक स्टोरी हातात घेतल्यापासून टेस्ट होऊन बाहेर पडेपर्यंत किती दिवस लागतात तो. जिरात कंट्रोल चार्ट चालू असेल तर तयार मिळेल, नसेल तर मागच्या स्प्रिंटमधल्या आठ-दहा तिकिटांची हिस्टरी उघड आणि तारखा हाताने लिहून काढ, अर्ध्या तासाचं काम आहे. काय दिसेल ते सांगते. समज पॉलिसी रिन्यूअलच्या स्क्रीनवर पत्ता बदलायची एक स्टोरी. सोमवारी ४ तारखेला उचलली, बुधवारी ६ ला डेव्हलपमेंट झालं. रिव्ह्यू करणारा दुसऱ्या कामात, तो ११ ला बघतो, तासाभरात ओके करतो. क्यूएच्या सर्व्हरवर जाते १३ ला, कारण डिप्लॉयमेंट एकच जण करतो आणि तो सुट्टीवर. टेस्टर हातात घेते १५ ला, बग निघतो, १८ ला दुरुस्त होतो, १९ ला पास. म्हणजे कामाचे दिवस १२, त्यातले सहा दिवस काम झालं आणि बाकीचे सहा ती स्टोरी नुसती रांगेत उभी. आणि तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे १० दिवसांचा. बारा दिवस लागणारी स्टोरी दहा दिवसांत स्पिलओव्हर होणारच की, म्हणजे पुढच्या स्प्रिंटमध्ये जाणारच, त्यात 'बँडविड्थ' आणि 'ओनरशिप' कुठून आली मध्ये?

हा कागद सरांसमोर ठेव. त्यांना ईटीए विचारून जे मिळत नव्हतं ते यात आहे, दिवस कुठे जातात ते. आणि उपायही यातच आहे, एका वेळी कमी कामं उघडी ठेवायची. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं साधं गणित आहे, टीम सरासरी रोज एक स्टोरी संपवते आणि बोर्डवर १२ उघड्या आहेत तर प्रत्येकीला सरासरी १२ दिवस लागणार, संपवायचा वेग तोच ठेवून उघड्या ६ वर आणल्या तर ६ दिवस. टोयोटाच्या कारखान्यात तैइची ओनो यांनी कानबान आणलं त्यामागे हाच विचार, पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल ढकलायचा नाही. तुमच्याकडे उलटं चालू आहे. डेव्हलपर एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी उचलतात कारण रिकामं बसलेलं कुणाला दिसायला नको आणि टाइमशीट भरायचं असतं, आणि हे सगळं जाऊन त्या दोघींच्या दारात साचतं.

त्या दोघींचं बोलूया, कारण मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त त्यांचं वाईट वाटलं. तुमचा स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांत बसवलेला वॉटरफॉल आहे, आधी सगळं डेव्हलपमेंट मग सगळं टेस्टिंग. (जाता जाता, ज्या १९७० च्या विन्स्टन रॉइस यांच्या पेपरवरून वॉटरफॉल आला असं सगळे म्हणतात त्या पेपरात त्यांनीच लिहिलंय की असं सरळ वरून खाली जाणं धोक्याचं आहे. कोण वाचतंय.) यावर नियम एकच लाव आणि तो टीमकडून ठरवून घे. क्यूएच्या कॉलममध्ये तीन स्टोरी साठल्या की नवीन कुणीही उचलायची नाही, मोकळे असाल तर तिथली एक संपवायला मदत करा. टेस्ट केस लिहा, डेटा तयार करून द्या, दुसऱ्याची स्टोरी टेस्ट करा. 'आम्ही टेस्टिंग करायला आलो का' हे येणार, नक्की येणार, आणि जो तुमचा सगळ्यात चांगला डेव्हलपर आहे तोच म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला मागच्या तीन शनिवारांचं विचार, कारण बग आला की शनिवारी फोन त्यालाच जातो. आणि एक व्यवहाराचं, काही एसओडब्ल्यूमध्ये डेव्हलपर आणि टेस्टरचे रेट वेगळे असतात, टाइमशीटचे कोडही वेगळे, त्यामुळे डेव्हलपरने टेस्टिंगचे तास कुठे टाकायचे ते पीएमओला (कंपनीच्या प्रोजेक्ट ऑफिसला) आधी मेल करून विचारून घे, नाहीतर महिनाअखेरीला बिलिंगवाले तुझ्या मागे लागतील आणि चांगला नियम त्या कारणाने बंद पडेल.

प्रॉडक्ट ओनरबद्दल, म्हणजे आधी काय करायचं ते ठरवणाऱ्याबद्दल, तू काहीच लिहिलं नाहीस, त्यावरूनच मला कळलं की तो नाहीये. कागदावर क्लायंटकडचं कुणीतरी असेल, आणि इकडे तुमच्या बीएला 'प्रॉक्सी पीओ' म्हणत असतील, जी बिचारी कशालाच हो म्हणू शकत नाही, फक्त 'विचारून सांगते' म्हणू शकते. साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकात एक 'विचारून सांगते' म्हणजे एक दिवस गेला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, ठरलेल्या वेळी, क्लायंटकडचा निर्णय घेणारा माणूस मागून घे, अर्धा तास ते देतात, रोज नाही देत. आणि बाकी प्रश्नांसाठी तिकिटावर लिहायचं, 'आम्ही हे असं धरून पुढे जातोय, उद्या तुमच्या दुपारपर्यंत हरकत आली नाही तर हेच पक्कं.' मात्र ही पद्धत आधी एकदा मेलवर मान्य करून घे हं, नाहीतर यूएटीला 'आम्ही असं कधी म्हटलं' सुरू होतं.

रेट्रोमध्ये लोक बोलत नाहीत कारण बोलून काही झालेलं त्यांनी बघितलेलं नाही. शिवाय तिथेही सर असतात ना? समोर 'सर' बसलेत आणि मार्चमध्ये तेच रेटिंग देणारेत, अशा वेळी दोन वर्षांचा अनुभव असलेला मुलगा कशाला सांगेल की एस्टिमेट माझ्याकडून जबरदस्तीने कमी करून घेतलं. सरांना रेट्रोतून बाहेर ठेव, त्यांना निष्कर्ष दे, कोण काय म्हणालं ते नको. आणि 'काय चांगलं झालं काय वाईट झालं' हा प्रश्नच बंद कर, त्याला 'टीमवर्क चांगलं होतं' हे उत्तर ठरलेलं आहे. विचार, या दोन आठवड्यांत कशाची वाट बघण्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ गेला? चिठ्ठीवर लिहून घे, नाव नको. याचं उत्तर देताना कुणाची तक्रार केल्यासारखं वाटत नाही, म्हणून लोक देतात. त्यातली एकच गोष्ट निवड, ती पण टीमच्या हातातली, आणि पुढच्या रेट्रोच्या आत ती झालेली दिसली पाहिजे. समज, डिप्लॉयमेंट आणखी दोघांना शिकवणं. दहा ॲक्शन आयटम लिहून ते सहा स्प्रिंट 'इन प्रोग्रेस' ठेवायचे हा प्रकार नको, त्यापेक्षा रेट्रो रद्द केलेली परवडली.

रेटिंगचं तुला काही करता येणार नाही. टीमने मिळून काम करा म्हणायचं आणि वर्षअखेरीला त्यांना एकमेकांविरुद्ध रांगेत उभं करायचं, हा विरोधाभास मोठमोठ्या कंपन्यांना सुटलेला नाही. गोल शीट भरायच्या वेळी सगळ्यांच्या शीटमध्ये एक सारखा गोल टाकून बघ, यूएटीत सापडणारे बग कमी करणे वगैरे, एचआरला त्यात काही आक्षेपार्ह दिसत नाही.

आणि उद्या कुणी वरून आलं आणि म्हणालं की आता आपण सेफ (मोठ्या कंपन्यांसाठीची अजाईलची एक चौकट) करूया किंवा स्पॉटिफायसारखे स्क्वॉड आणि ट्राइब (छोट्या टीम आणि त्यांचे गट) करूया, तर घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस. स्पॉटिफायच्या त्या २०१२ च्या लेखातच लिहिणाऱ्यांनी म्हटलं होतं की हे आमचं आत्ताचं चित्र आहे, आम्ही अजून बदलतोय. बाकीच्यांनी त्या चित्राचीच मूर्ती करून बसवली.

आता तुझे दोन प्रश्न. सर्टिफिकेशन कर, कंपनी पैसे देत असेल तर नक्की कर, नोकरीच्या साइटवर फिल्टरमध्ये नाव वर येतं. पण त्याने सर ऐकतील हे डोक्यातून काढ, ते १२ दिवसांच्या कागदामुळे ऐकतील, ऐकले तर. स्वतःच्या पैशाने करायचं असेल तर आत्ता नको, आधी हे सगळं करून बघ, मग इंटरव्ह्यूला सांगायला सर्टिफिकेटपेक्षा चांगलं काहीतरी असेल तुझ्याकडे.

जॉबचं म्हणशील तर एक क्वार्टर दे. या काळात दोन गोष्टी बघ, सर स्टँडअपमधून बाहेर राहिले का, आणि क्लायंटबरोबर एक तरी अदलाबदल झाली का. दोन्हींपैकी एक जरी झालं तर तिथे माणसं हलतात असं समज आणि थांब. दोन्ही नाही झालं, वर वेलॉसिटीचं टार्गेट तुझ्याच गोल शीटमध्ये आलं, तर सीव्ही अपडेट कर, अपराधी वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, तेव्हा व्हेरिएबल पे कधी जमा होतो ते बघून मगच पेपर टाक. आणि नव्या ठिकाणी 'तुम्ही अजाईल आहात का' असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार की रिलीजची तारीख कोण ठरवतं आणि ती ठरताना टीममधलं कुणी त्या खोलीत असतं का. मग विचार की मागच्या रेट्रोनंतर नक्की काय बदललं. दुसऱ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर पगार किती देतायत ते बघून ठरव.